पानी हाये तं पाहून घ्या

पुलावर एक पांढरी गाडी थांबली होती, नंबर पुण्याकडचा. नवरा कठड्याला टेकून मोबाईल आडवा धरून उभा, बायको दोन पोरांना कठड्यापासून मागे ओढतेय, मागच्या सीटवर एक म्हातारी डोक्यावरून पदर घेऊन झोपलेली. मी पुलाच्या अलीकडच्या टोकाला मोटारसायकल लावून सोयरिक जुळवणाऱ्या मामांची वाट पाहत होतो. चुलतभावाच्या मुलीसाठी पलीकडच्या गावातलं स्थळ आलं होतं, त्याच कामानं निघालो होतो. शेजारी आमच्या गावचे एक ढिवरबुवा बसलेले. जाळं मांडीवर, पिशवीत थोडे झिंगे आणि त्यांचा तो ओला, चिखलट वास. पाहुणा चालत आमच्यापर्यंत आला. "काका, ही कोणती नदी?" बुवा म्हणाले, "नदी व्हय." "हो, पण नाव काय?" बुवांनी मान वर केली. "आमच्याकडं एकच हाये." पाहुणा हसला. माणूस वाईट नव्हता. त्यानं पुन्हा विचारलं, "इथं बघण्यासारखं काय आहे जवळपास?" बुवांनी जाळ्यात अडकलेली काडी सोडवून खाली टाकली आणि म्हणाले, "सध्या पानी हाये. पाहून घ्या."

गाडी गेली. मामा आले, आम्ही पलीकडे गेलो, आलूपोहे झाले, मुलीकडचे म्हणून थोडं दबून बसणंही झालं. पण डोक्यात ते पुलावरचं बोलणं चालूच होतं. मधे पडून मला चार गोष्टी सांगता आल्या असत्या, आणि त्या मी का सांगितल्या नाहीत हेच मला नीट कळत नव्हतं. पाहुण्याच्या जागी मी असतो तर मलाही तेच दिसलं असतं जे त्याला दिसलं, आणि बुवांच्या जागी असतो तर याहून चांगलं उत्तर सुचलं नसतं. मी आपला दोघांच्या मधे, पुलाच्या टोकाला.

पाहुण्याला नदी लहान वाटली यात त्याचा दोष नाही. डिसेंबर लागला की वर्धा नदी अंग चोरून घेते. एवढ्या लांब पुलाच्या दोन-तीन गाळ्यांखालून काय ते पाणी जातं. बाकीच्यांखाली रेती, काळे खडक, बेशरमाची झुडपं आणि पुरात वाहत येऊन अडकलेल्या चिंध्या, दोऱ्या, एखादी चप्पल. खांबांवर मात्र पुराच्या रेषा आहेत, माणसाच्या दोन-तीन उंचीवर. त्या पाहिल्या तर थोडा अंदाज येतो. पण पुलावर उभं राहून खांब कोण पाहतं? नदीकाठच्या आम्हा लोकांनाही तिचं फार कौतुक आहे असं नाही. सातपुड्यात मुलताई तालुक्यात, खैरवानीजवळ ती निघते. त्याच मुलताईत तापी निघते. तापीला तिथं देऊळ आहे, कुंड आहे, गर्दी आहे. तापी पश्चिमेला गेली आणि तिला सुरतेसारखं बंदर मिळालं. आमची दक्षिणेला उतरली, आणि तिला समुद्रापर्यंत स्वतःचं नावही नेता आलं नाही. सव्वापाचशे किलोमीटर वाहून ती वैनगंगेला भेटते, दोघी मिळून प्राणहिता होतात, प्राणहिता सिरोंच्याला गोदावरीत जाते. बंगालच्या उपसागराला वर्धा कोण हे ठाऊकच नाही.

तरी हिंदुस्थानच्या नकाशावर शंभर वर्षं जी एक रेघ मोठमोठ्या लोकांनी मान्य केली होती, ती ही नदी.

ती रेघ मला पुस्तकात फार उशिरा दिसली. त्याआधी ती आजीच्या बोलण्यात होती. आजी पलीकडची, धामणगावच्या अंगाची, म्हणजे वऱ्हाडातली. आम्ही अलीकडचे, आर्वी-पुलगावकडचे. आज अलीकडं वर्धा जिल्हा आणि पलीकडं अमरावती जिल्हा, यापलीकडे पोरांना फरक माहीत नाही. आजीला माहीत होता. घरात काही बिनसलं की ती चुलीपुढून उठायची, हात पदराला पुसायची आणि म्हणायची, "माह्या बापाच्या घरी कोनाले जोहार करा लागे नाई." आजोबा यावर कधीच काही बोलले नाहीत. ते बाहेर ओट्यावर जाऊन पान लावत. लहानपणी मला वाटायचं, माहेरची बढाई मारायची बायकांची रीतच असते, त्यातलं हे एक वाक्य. त्यात एक अख्खा तह दडलेला आहे हे कुठं माहीत होतं?

1803च्या हिवाळ्यात इंग्रजांनी नागपूरच्या भोसल्यांना आधी अडगावला हरवलं, मग गाविलगड घेतला, आणि 17 डिसेंबरला देवगावला तह झाला. इंग्रजांच्या बाजूनं तो करणारा आर्थर वेलस्ली, पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवून ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगभर गाजला. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी कटक दिलं आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. तो मुलूख कंपनीनं निजामाला दिला. म्हणजे एका सहीनं पलीकडचं गाव निजामाचं आणि अलीकडचं भोसल्यांचं. पुढं 1853 साली निजामाकडून वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात आलं, त्याच साली तिसरे रघुजी निपुत्रिक वारले, आणि पुढच्या साली नागपूरही खालसा झालं. दोन्ही काठांवर एकच धनी आला, पण काठ एक झाले नाहीत. अलीकडं इंग्रजांनी मालगुजारी लावली, पलीकडं खातेदारी. अलीकडं गावाचा मालक मालगुजार, आणि वावर कसणारा त्याच्या वाड्यापुढं चप्पल हातात घेऊन उभा. पलीकडं ज्याच्या नावावर खातं तो आपला सारा आपण भरणार. आजीचा बाप खातेदार होता. चार एकरांचाच, पण खातेदार. आजोबांचे वडील मालगुजाराचं कूळ. अमेरिकेतल्या यादवी युद्धापायी इथल्या कापसाला भाव चढला तेव्हा त्या पैशातलं काय कुणाच्या घरी राहिलं आणि काय वाड्यावर गेलं, तेही नदीच्या कोणत्या काठावर तुमचं वावर आहे यावर ठरलं. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आजी दिवसातून एकदा तरी ऐकवायची, आणि ऐकवताना तोंड पश्चिमेला करायची.

1902 साली लॉर्ड कर्झननं निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घेतलं, वर्षाला पंचवीस लाख रुपये देऊन, आणि 1903पासून दोन्ही काठ एका कारभाराखाली आले. कागदोपत्री वऱ्हाड निजामाचंच राहिलं. हैदराबादच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणायचे ते त्यामुळं. मालगुजारी गेली 1951 साली. आजीचं जोहाराचं वाक्य त्यानंतरही पुष्कळ वर्षं चालू होतं. कायदा सरकारी होता, वाक्य घरचं.

आजीचं लग्न वैशाखात झालं. नदीकाठची बहुतेक लग्नं वैशाखातच होत, कारण तेव्हा बंड्या नदीतून जात. बैलांच्या गुडघ्याएवढं पाणी, चाकं रेतीत रुतलेली, वऱ्हाडी उतरून मागून ढकलतायत, वाजंत्रीवाले वाद्यं डोक्यावर घेऊन पुढं गेलेले आणि नवरी मात्र दमणीत बसलेली, तिनं उतरायचं नाही. आजी सांगायची की मधल्या धारेत दमणी कलंडली, तिनं घाबरून दांडा पकडला, आणि तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांतल्या काही तिथंच फुटून पाण्यात पडल्या. सासरच्या बायकांनी तोंडं वाकडी केली. तिची सासू मात्र म्हणाली, नदीनं घेतल्या, तिले पायजे असन. एवढं एक वाक्य बोलल्याबद्दल आजीनं सासूचं पुढचं सगळं सोसलं, असं आई म्हणते. मला ते पूर्ण पटत नाही, पण आईनं आजीबरोबर जन्म काढला, मी नाही.

मृग लागला की माहेर बंद. पलीकडचं गाव डोळ्यांना दिसायचं. संध्याकाळी चुलींचा धूर दिसायचा, वारा तिकडून असला तर कुत्र्यांचं भुंकणंही यायचं, आणि चार महिने जाता यायचं नाही. डोंगा होता, पण पोटुशी बाई, तान्हं लेकरू, आजारी माणूस डोंग्यात बसवायला कोणी धजत नसे. पूर उतरला की भाऊ यायचे, नागपंचमीला, राखीला, नाहीतर थेट दसऱ्याला. म्हणून आमच्या घरातल्या बायका पावसाची वाट पाहायच्या आणि पावसाला शिव्याही घालायच्या. ज्यांची वावरं भरडीची होती त्यांना पाऊस पाहिजे, ज्यांचे भाऊ पलीकडे होते त्यांना उघाड पाहिजे. आजी दोन्हीकडून अडकलेली.

त्यातली एक नागपंचमी तिनं शेवटपर्यंत सोडली नाही. 1942ची. ती नुकतीच नांदायला आली होती, पोरसवदा. झोका बांधून झाला, पुरणाचे दिंड उकडून झाले, मेंदी लावून झाली, आणि भाऊ आला नाही. तिनं समजून घेतलं की पूर असणार. त्याच दिवशी, 16 ऑगस्टला, नदीच्या वरच्या अंगाला आष्टीत लोक झेंडा घेऊन पोलीस ठाण्यावर गेले होते. गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसं मेली. तिकडं चिमूरलाही त्याच दिवशी तेच. पुढं कित्येक दिवस काठाकाठानं पोलीस फिरत होते, तरणी पोरं वावरात, खोऱ्यात लपत होती. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर ज्यांनी ज्यांनी ताल धरला होता त्या सगळ्यांवर संशय. आजीचा भाऊ भजनी मंडळातला. तो पुरानं अडला होता की पोलिसांच्या भीतीनं, हे तिला कोणी कधी सांगितलं नाही, आणि त्या काळात नव्या सुनेनं विचारायचं नसतं. "पूर व्हता का पोलीस, मले कोनी सांगतलंच नाई," एवढंच ती म्हणायची. देशाच्या स्वातंत्र्याची आमच्या घरातली गोष्ट ही एवढीच आहे. न आलेल्या भावाची.

कौंडण्यपूरला गेलं की आजी वेगळी व्हायची. नदीच्या वरच्या अंगाला, पलीकडच्या काठावर, उंच टेकाडावर ते गाव आहे. भीष्मक राजाची राजधानी, रुक्मिणीचं माहेर. अंबिकेच्या देवळातून कृष्णानं तिला पळवून नेलं ती जागा इथं दाखवतात, आणि अमरावतीला अंबादेवीच्या देवळातही दाखवतात. दोन्हीकडचे भक्त आपापल्या जागेवर ठाम आहेत. मोरेश्वर दीक्षितांनी 1960च्या दशकात तिथं उत्खनन केलं तेव्हा लोहयुगापासूनच्या वस्तीच्या खुणा निघाल्या, सातवाहन काळातल्या वस्तू निघाल्या. म्हणजे गोष्ट बाजूला ठेवली तरी माणसं इथं दोन हजार वर्षांहून जास्त काळ याच पाण्यावर राहत आलीत. आजीला उत्खननाचं काही नव्हतं. तिच्या दृष्टीनं रुक्मिणी ही याच काठाची लेक, जी लांब पंढरपुरात नांदायला गेली. आषाढीला इथून तिची पालखी पंढरपूरला जाते, माहेरची साडीचोळी घेऊन, आणि ही रीत चारशे वर्षांहून जुनी असल्याचं सांगतात. पालखी निघाली की आजी हात जोडायची आणि पुटपुटायची. काय ते एकदा मी जवळ जाऊन ऐकलं. "तुले तरी दरसाल आहेर येते वं माय."

कार्तिकात तिथं जत्रा भरते. तेव्हा विठ्ठल सासुरवाडीला येतो म्हणतात. आमची जत्रा म्हणजे रोडगे. नदीच्या पात्रात गोवऱ्यांचा थर पेटवायचा, कणकेचे गोळे त्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून, फोडून, त्यावर तूप. शेजारी वांग्याची भाजी, लाल, तर्रीची, आणि वरण. पळसाच्या पत्रावळीवर रेतीचे चार कण आलेच पाहिजेत, दाताखाली करकर वाजलेच पाहिजेत. थंडी, धूर, डोळ्यांतून पाणी, कुठं कीर्तन, कुठं पाळण्याचा भोंगा, आणि संध्याकाळी पाण्यावर सोडलेले द्रोणातले दिवे. बाहेरगावचे लोकही येतात, पण त्यांना पाहुणे म्हणायचं कुणाच्या मनात येत नाही. जो पंगतीत बसला तो बसला.

खऱ्या अर्थानं जगाचे पाहुणे या नदीवरून गेले ते पुलगावच्या रेल्वे पुलावरून. 1867 साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली ती धामणगाव सोडून, वर्धा ओलांडून, पुलगावला टेकून. वऱ्हाडचा कापूस मुंबईला न्यायचा होता, त्यासाठी केवढी घाई. आमच्याकडचा कापूस पुढं आर्वीहून छोट्या गाडीनं पुलगावला यायचा. ती गाडी बंद झाली, रूळ बाभळीत गेले. पण मोठा पूल राहिला, आणि 1934 साली गांधी वर्ध्याला आले, 1936 साली वर्ध्याजवळच्या शेगावात झोपडी बांधून राहिले, तेव्हापासून तो पूल म्हणजे देशाचं अंगण झाला. त्या शेगावचं 1940 साली सेवाग्राम झालं. मुंबईकडून जो कोणी गांधींना भेटायला निघे, तो पुढारी असो, व्यापारी असो, गोरा असो, त्याला आमची नदी ओलांडावीच लागे. 14 जुलै 1942ला वर्ध्याला काँग्रेस कार्यसमितीनं इंग्रजांना जायला सांगणारा ठराव केला आणि ऑगस्टच्या सुरुवातीला गांधी तो घेऊन मुंबईला निघाले, तेही याच पुलावरून. तेव्हा खाली पूर असणार. एवढ्या सगळ्यांतल्या किती जणांनी खिडकीतून खाली पाहिलं असेल? आजोबा पोरगे असताना पुलगावच्या फलाटावर गांधी दर्शनाला गेले होते, गर्दीत त्यांना फक्त खिडकीतून बाहेर आलेला एक हात दिसला. तो गांधींचाच होता याची त्यांना खात्री होती. दुसऱ्या कुणाचाही असू शकतो, असं आजी म्हणायची.

लुई फिशर नावाचा अमेरिकन पत्रकार 1942च्या जूनमध्ये सेवाग्रामला आठवडाभर राहिला. उकाड्यानं इतका बेजार झाला की पाण्यानं भरलेल्या टबात खोकं ठेवून त्यावर बसून टाइप करायचा. हे वाचून मला फार बरं वाटलं. आमच्याकडच्या पाहुण्यांचं असंच होतं; त्यांना आधी पाणी दिसतं, मग गांधी.

पवनारचं मला नेहमी वेगळं वाटत आलंय. तिथली नदी धाम, वर्धेपेक्षाही लहान, तिचं पाणी वेणेतून शेवटी वर्धेतच येतं. 1938 साली आजारी विनोबा तिच्या काठी जमनालाल बजाजांच्या बंगल्यात येऊन राहिले. 17 ऑक्टोबर 1940ला वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून ते बोलले ते पवनारलाच. गांधींनी 1946च्या ऑगस्टात सेवाग्राम सोडलं ते पुन्हा आले नाहीत. आल्या त्यांच्या अस्थी, 12 फेब्रुवारी 1948ला, धामच्या पाण्यात. पात्रात छत्री उभी आहे. आज आश्रमाच्या पायऱ्यांवरून शाळेच्या सहली उतरतात, पोरं चिप्सच्या पुड्या फोडतात, बाई ओरडतात, गाइड म्हणवून घेणारा कुणी घाईघाईनं भरत-रामाच्या मूर्तीची गोष्ट सांगतो, जी विनोबांना शेत खणताना सापडली. वर ब्रह्मविद्या मंदिरातल्या भगिनी आपल्या तासाला आपलं काम करतात, सहलीकडं लक्ष देत नाहीत. मला ते दुर्लक्ष आवडतं. एवढ्या मोठ्या माणसाची राख ज्या पाण्यात गेली त्याच पाण्यात काठच्या गावातल्या कित्येक साध्या माणसांची गेली, आणि नदीनं कुणाची वेगळी ठेवली नाही. यावर काही मोठं बोलायचं माझ्या मनात येतं, पण सहलीतलं एखादं पोरगं पाण्यात दगड मारतं आणि ते राहून जातं.

नदीचं आम्ही गोड गोड लिहितो तेव्हा मोवाड विसरतो. 30 जुलै 1991ची रात्र. वरच्या अंगाला, नरखेड तालुक्यात, याच वर्धेनं मोवाड गाव धुऊन नेलं. दोनशेच्या वर माणसं गेली. आमच्याकडं दुसऱ्या दिवशी पाणी चढलं तेव्हा त्यात पेट्या, खाटा, जनावरं, दाराच्या चौकटी आल्या. ढिवरांनी डोंगे बाहेर काढले नाहीत. आजी काठावर जाऊन उभी राहिली, तिनं खण-नारळ आणला होता ओटीसाठी, पण ओटी भरली नाही, तशीच परत घेऊन आली. ती नदीवर रागावलेली मी तेवढीच पाहिली. 2021च्या सप्टेंबरात झुंज गावाजवळ याच नदीत नाव उलटून एकाच कुटुंबातली अकरा माणसं गेली, तेव्हा आजी नव्हती. आई होती. तिनं टीव्ही बंद केला.

आणि आता पुन्हा डिसेंबरातली नदी. पूर्वी या दिवसांत पात्रात डांगरवाड्या लागायच्या. पाणी उतरलं की ढिवर कुटुंबं रेतीत आळी खणत, त्यात शेणखत भरत, झिरे काढून हातानं पाणी घालत, आणि होळीपर्यंत रेतीवर टरबूज, डांगर, काकड्या लोळायच्या. रात्री खोपीत कंदील असायचे. आमच्या ओसरीतून ते दिसायचे. आता वर सिंभोऱ्याला धरण आहे, खाली धनोडीला धरण आहे, पाणी केव्हा येईल ते नदीच्या हातात नाही. लावलेली वाडी एका सोडलेल्या पाण्यात जाते. धरणं नसती तर अमरावतीनं काय प्यायलं असतं, हेही खरं. पलीकडच्या पाहुण्यांच्या घरी आता बारमाही ओलित आहे, आणि त्यामुळंच ते स्थळ आमच्या घरात सगळ्यांना आवडलं, हेही. रेतीचं मात्र समर्थन मला जमत नाही. रात्री टिप्पर लागतात, पहाटे पात्रात माणूस बुडेल एवढे खड्डे. घरकुलांना रेती लागते, रस्त्याला लागते, माझ्या घरालाही लागली. डांगर ज्या रेतीत होतं तीच गेली, खाली काळी माती उघडी पडली आणि तिच्यावर बेशरम आलं.

तेव्हा पुलावरचे बुवा जे म्हणाले त्यात टोमणा नव्हता, आता मला असं वाटतं. त्यांनी पाहुण्याला त्या दिवसाची ताजी बातमी दिली होती. मी मधे पडलो असतो तर 1803 सांगितलं असतं, गांधी सांगितले असते, रुक्मिणी सांगितली असती, आणि पाहुण्यानं ते सगळं ऐकून घेऊन नदीकडं न पाहताच 'अच्छा, बरीच ऐतिहासिक आहे की' म्हटलं असतं. कौंडण्यपूरला जा, पवनारला जा, लोक जातात आणि देवळाकडं, आश्रमाकडं तोंड करून फोटो काढतात. पाठीमागं पाणी असतं. बुवांनी निदान त्याला पाण्याकडं तोंड करायला लावलं. तो वळला होता. किती वेळ पाहिलं त्यानं कुणास ठाऊक. मामा आले आणि मी निघालो.

स्थळ जुळलं. कुंकू लागलं, साखरपुडा झाला, आता तारखेवर गाडी अडली आहे. गुरुजींनी वैशाखातले तीन मुहूर्त काढून दिलेत. हॉल तिन्ही दिवशी मिळतोय, आचारी मिळतोय, पलीकडं जायला पुलावरून पंधरा मिनिटं लागतात, बंडी रुतायचा प्रश्न नाही. अडून बसली आहे ती आत्या. तिचं म्हणणं, बाशिंग वाहत्या पाण्यात शिरवायचं, आजीचं जिथं शिरवलं तिथं, डबक्यात नाही. "उन्हाळ्यात काय रेतीत पुरू बाशिंग?" व्याह्यांच्या ओळखीचा एक माणूस कालव्यावर आहे. त्याला विचारलं, धरणाचं पाणी नदीत कधी सुटणार. त्याचा निरोप आला की पहिल्या मुहूर्ताच्या आठवड्यात नाही, दुसऱ्याच्या वेळी बहुतेक सुटेल, तिसऱ्याचं आत्ताच सांगता येत नाही. गुरुजींना तिसरा फार आवडलेला, म्हणतात असा योग पुन्हा नाही. काल रात्री बैठकीत हे सांगितलं तर आत्या सुपारी कातरता कातरता म्हणाली, "गुरुजीले म्हना, योग तुमी आनला, आता नदी बी तुमीच आना, मंग धरू तिसरा."

दुसरा धरलाय.